वच्छीचे दुखणे आणि काकामहाराजांचे व्रत

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. ऱ्हस्वदीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षर कोंबडीने माती उकरावी तसे येते. त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवायला लिहिलेले नाही. वही माझ्या पेटीत तळाशी राहील. पण माझ्यामागे ती एखाद्या बाईच्या हाती लागली आणि तिच्या घरी असे लेकरू असले, तर तिने चुका सोडून मजकूर तेवढा वाचावा.

हैदराबादच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात अकराव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावले. माझी मुलगी वच्छी तेव्हा सोळा संपून सतराव्यात होती. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच मला कळले की बातमी बरी नाही.

“बीमारियाँ तीन दिखती हैं, मगर जड़ एक है,” ते म्हणाले. “और जड़ ख़ून में है.”

माझे यजमान सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये लिहिण्याचे काम करीत. त्यांचे सगळे शिक्षण उर्दूतून झालेले, म्हणून डॉक्टरांशी तेच बोलत आणि मला मराठीत सांगत. डॉक्टर बराच वेळ बोलत, हे दोन वाक्यांत सांगत. मधले कुठे गेले, असा मला रोज संशय येई.

त्या दिवशी मात्र तीन दिवसांपूर्वी भेटलेली मराठी बोलणारी लेडी डॉक्टरही बसली होती. औरंगाबादकडची. तिने कागदावर चित्र काढून मला समजावले. डोळ्याच्या आत एक पडदा असतो, त्याला रेटिना म्हणतात. बाहेरचे चित्र त्यावर उमटते. वच्छीचा पडदा झिजत चालला आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो सेरेबेलम. तोल सांभाळणे आणि हात नेमका जागेवर नेणे हे त्याचे काम. तो सुकत आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची गाठ असते. मुलगी वयात यावी असा हुकूम ती रक्तातून धाडते. त्या हुकुमाला हॉर्मोन म्हणतात. वच्छीच्या गाठीने तो हुकूम कधी धाडलाच नाही.

“औषध?” मी विचारले. इतक्या दिवसांत परक्या पुरुषासमोर मी दुसऱ्यांदाच तोंड उघडले होते. पहिल्यांदा कधी, ते पुढे लिहिते.

“मूळ दुखण्याला न्हाई, बाई,” ती म्हणाली. “मोठ्या डॉक्टरांनीही असं तिन्ही एकत्र आधी बघितलेलं न्हाई. याला अजून नावसुद्धा न्हाई.”

नाव नाही म्हटल्यावर मला वाटले, यांना कळलेच नसेल. कळले नाही म्हणून असे सांगतात.

आता पहिल्यापासून लिहिते.

वच्छी नऊ-दहा वर्षांची असताना दिवेलागणीला उंबऱ्यावर अडखळू लागली. वैद्य रातांधळे म्हणाले. शेवग्याचा पाला, तूप, काजळ, सगळे केले. बाराव्या वर्षी कळशी हिंदकळू लागली. रांगोळीचे ठिपके एका रेघेत येईनात. सुईत दोरा ओवताना हात सुईच्या पलीकडे जाई. बोलणेही संथ झाले, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे. शाळेत पोरी तिला ताडी प्यालीस का म्हणत. ती घरी येऊन हसत सांगे आणि मग परसात जाऊन बसे.

माझा संशय धाकट्या जावेवर होता. आमच्याच घराच्या दुसऱ्या भागात ती राही. तिला मूल नव्हते. परसदारी एकदा हळद लावलेले लिंबू सापडले आणि माझ्या मनाने पक्के धरले की करणी तिचीच. दोन वर्षे मी वच्छीला तिच्या हातचा घास घेऊ दिला नाही. ते लिंबू शेजारच्या म्हशीची दृष्ट काढलेले होते, हे मला फार उशिरा कळले.

चौदा सरले, पंधरा सरले, तरी वच्छीला कावळा शिवला नाही. आमच्यात घरची मुलगी महिन्याचे चार दिवस बाजूला बसते, तेव्हा आळीभर न सांगता कळते. बसत नाही, तेही कळते. जाऊ एकदा आडावर सगळ्यांसमोर म्हणाली, “वहिनी, तुमच्या वच्छीचं लय बरंय बाई. कधी सुट्टीच न्हाई कामाला!” बायका हसल्या. मी घागर अर्धीच भरून परत आले.

त्या महिन्यात मी वच्छीला बाजूला बसवले.

तिला काही झालेले नव्हते. मी मागच्या सोप्यात घोंगडे टाकले, वेगळा तांब्या ठेवला आणि म्हटले, “चार दिवस इथंच बस. कुणी विचारलं तर खाली बघ.” ती म्हणाली, “आई, पण मला काही झालं न्हाई की.” मी म्हटले, “होईल.” तेव्हापासून दर महिन्याला पंचांग पाहून मी तिला बसवू लागले. दीड वर्ष. जावेचे तोंड बंद झाले. यजमानांनाही खरे वाटले. पुरुषाला कोण सांगणार?

पोलीस ॲक्शन होऊन चारेक वर्षे झाली होती. वच्छी एका संध्याकाळी आडाच्या काठावरून तोल जाऊन पडता पडता राहिली, तेव्हा यजमान म्हणाले, आता हैदराबाद. पैसे नव्हते. माझा भाऊ सोनपेठजवळ गंगाकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, आमच्या माहेरगावी असतो. त्याला पत्र टाकले, तर तो चौथ्या दिवशी स्वतःच आला आणि चारशे हाली रुपये, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, यांच्या हातात ठेवले.

“दादा, फेडू आम्ही,” मी म्हटले.

“फेडायचं काय त्यात? कुसुम तुझ्याच घरी यायचीय. घरातले पैसे घरात.”

कुसुम त्याची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. माझा मोठा मुलगा माधव देवगाव फाट्याकडच्या एका शाळेत नुकताच मास्तर लागला होता. मामाची मुलगी करायची आमच्याकडे रीतच आहे. मीसुद्धा यांच्या मामाची मुलगी. माझी सासू माझी सख्खी आत्या. त्यामुळे दादाच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. तरी नोटा मोजताना त्याने वच्छीकडे एकदाही पाहिले नाही, हे माझ्या ध्यानात राहिले. भाची आजारी आहे आणि मामा तिच्याकडे पाहत नाही, हे कसे?

सेलूला गाडीत बसलो ते दुसऱ्या दिवशी हैदराबादला उतरलो. पहिले दोन दिवस नुसत्या बाकावर गेले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांत थेंब टाकून वच्छीला अंधाऱ्या खोलीत नेले. मला आत येऊ दिले नाही. मी दाराला कान लावून उभी राहिले. चौथ्या दिवशी डोक्याचा आणि मनगटाचा एक्सरे, म्हणजे हाडांचा फोटो. पाचव्या दिवशी पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढले. शेजारच्या बाकावरच्या बाईने मला सांगितले होते की हे पाणी बाहेर विकतात. म्हणून बाटली कुठे जाते ते पाहायला मी कंपाउंडरच्या मागे तीन दालने चालत गेले. त्याने वळून विचारले, “अम्मा, किधर?” मला लाजेने मेल्यासारखे झाले. बाटली तपासणीच्या खोलीतच गेली. तरीही मी थोडा वेळ तिथे उभी होते.

रोज नवे डॉक्टर येत, पाच-सहा जण एकदम. वच्छीला खडूच्या रेघेवर चालायला लावत. “बेटी, सीधा चलके दिखाओ.” ती पाय फाकवून, हात पसरून चाले आणि दोन पावलांत रेघ सोडी. ते आपसांत इंग्रजीत बोलत. माझ्या मुलीचा तमाशा चालला आहे असे वाटून मी एकदा मध्ये जाऊन तिचा पदर सारखा केला. तेवढेच मला करता आले.

आठव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी यांना विचारले, माहवारी वेळेवर येते का. मला तो शब्द कळला. हे खाली मान घालून म्हणाले, “जी. हर महीने.”

डॉक्टरांनी कागदावर काही खोडले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. जे जुळत आले होते ते विस्कटले, एवढे मलाही दिसले. हे खरे बोलले होते. खोटे माझे होते, आणि ते डॉक्टरांच्या कागदावर चढले होते. कोपऱ्यात ती मराठी बोलणारी लेडी डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदाच येऊन बसली होती, तिच्याकडे मी पाहिले.

“येत न्हाई,” मी म्हटले. “कधीच आली न्हाई. मी खोटंच बसवते तिला.”

हे माझ्याकडे वळले. वच्छीने मान खाली घातली, मीच शिकवले होते तशी.

लेडी डॉक्टर उठून माझ्याजवळ आली. तिने मला रागावले नाही. “हे सांगितलंत ते लय बरं केलंत,” एवढेच म्हणाली आणि वच्छीला पडद्यामागे घेऊन गेली. तिथून तीन दिवसांत त्यांना जे कळायचे ते कळले.

त्या रात्री धर्मशाळेत यांनी जेवण केले नाही. “दीड वर्ष? माझ्याच घरात?” म्हणाले. मी डॉक्टरांचे उर्दू ऐकताना यांच्यावर संशय घेत होते, आणि लपवणारी मी.

अकराव्या दिवशी जड़ ख़ून में है असे म्हणून डॉक्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारले होते. नवराबायकोत रक्ताचे नाते आहे का? आहे, हे म्हणाले. घराण्यात आधी कुणाला असे होते का? हे नाही म्हणाले. मीही मान हलवली. दोघेही खरेच बोलत होतो.

निघायच्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या लांब ओसरीच्या टोकाला बसले होते. वच्छी दुसऱ्या टोकाकडून येत होती. उजवा तळवा भिंतीला घासत, पाय फाकवून, मान जरा वर उचललेली. मला वाटले, ही चाल आपण पाहिली आहे. गंगेवरून घराकडे येणाऱ्या वाटेवर, आमच्या माहेरच्या भिंतीला तळवा घासत. काकामहाराज!

काकामहाराज म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आत्यांचेही, म्हणजे माझ्या सासूबाईंचेही, धाकटे भाऊ. मी सासरी आल्यावर काही वर्षांनी ते वारले. ते आमच्या गावचे बालब्रह्मचारी. त्यांच्या गालावर वस्तरा कधी फिरला नाही. दाढीमिशी आलीच नव्हती, आवाज बारीक. ते डुलत चालत, ती भक्तीची तंद्री. दिवेलागणीनंतर ते जागचे हलत नसत आणि कुणाशी बोलतही नसत, ते त्यांचे मौनव्रत. लांबून लोक पाया पडायला येत. दादाने घरातच त्यांच्या पादुका बसवल्या आहेत आणि दर गुरुवारी तिथे नारळ फुटतात. अशा माणसाला आजारी कोण म्हणेल? म्हणून डॉक्टरांनी विचारले तेव्हा आम्हाला ते आठवले नाहीत.

सेलूला आल्यावर दुपारी आत्या एकट्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले.

“आत्या, काकामहाराजांना संध्याकाळी दिसत होतं का हो?”

“मौन असायचं त्यांचं.”

“मौन तोंडाचं असतंय. पायाचं कशाला?”

“कुणी सांगितलं तुला?”

“वच्छीच्या पायानं.”

त्यांनी दोन खडे बाजूला काढले. मग म्हणाल्या, “मोरू लहानपणीच पडायचा. सोयरीक ठरली होती त्याची. तिकडच्यांना कुणकुण लागली, मोडली. घराण्याची अब्रू जायली म्हणून आबांनी, तुझ्या आजोबांनी, सांगून टाकलं की पोरानं ब्रह्मचर्य घेतलंय. चार दिवसांत लोक पाया पडायला लागले. पाया पडणारा खाली बघतोय गं. वर तोंडाकडं कोण बघतंय?”

“मग मला का न्हाई सांगितलंत? वच्छी पहिल्यांदा पडली तेव्हाच तुम्हाला कळलं असंल.”

“कळलं. आणि तू कुठं मला सांगितलंस? पोरीला कोरडीच बाजूला बसवतीस, हे मला दिसत न्हवतं का? कधी एक धडपा वाळत पडला न्हाई. मी बोलले काही? तू झाकलंस, मीही झाकलं.”

आत्या वच्छीशी तुटक वागतात म्हणून मी त्यांच्यावरही संशय धरला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिले. सुपातले तांदूळ मग मी निवडले.

पंधरा दिवसांनी दादा आला. हैदराबादला कळलेले सगळे त्याला यांनी सांगितले होते. लेडी डॉक्टरने एका गोळीचे नाव लिहून दिले होते. ती मुंबईहून मागवावी लागे. गोळीने महिना येईल, हाडे बळकट राहतील, पण मूल होणार नाही, असे डॉक्टरने बजावले होते. महिना येईल, दादाने तेवढेच उचलले.

“गोळ्या द्या आणि उजवून टाका पोरीला,” तो म्हणाला. “दिवसा बघायचा कार्यक्रम ठेवू. बसूनच राहू दे तिला, उठवायचंच न्हाई.”

“आणि मग?” मी दाराआडून विचारले.

“मग तिच्या नशिबात असंल तसं. आणि कुसुमचं पुढच्या माघात धरू.”

लेडी डॉक्टरने दुसरेही सांगितले होते. या दुखण्याचे बी नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोघांच्याही रक्तात लपून असते, त्यांना स्वतःला काही होत नाही. दोन्हीकडचे बी एका लेकरात आले की मग असे होते. म्हणून या घराण्यात पुन्हा आपसांत देणेघेणे करू नका. होईलच असे नाही, पण होऊ शकते. हे मी माधवला सांगितले होते. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “आई, तू म्हणशील तसं. पण मामाला तोंडावर सांग. पत्रात नको.”

मी दाराआडून बाहेर आले. सख्ख्या भावासमोर मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

“दादा, कुसुम आमच्याकडं नको.”

“का? काय वाईट हाय माझ्या पोरीत?”

“तिच्यात काही न्हाई. आपल्यात हाय. काकामहाराजांना वच्छीचंच दुखणं होतं.”

दादा उठून उभा राहिला. “काय बोलायलीस? कुणासमोर बोलायलीस? त्यांच्या पादुकांवर आमचं घर उभंय!”

तेवढ्यावरून मला समजले की त्यालाही ठाऊक होते. ठाऊक नसलेला माणूस आधी विचारतो, कसे काय? दादाने तसे विचारले नाही. वच्छीकडे तो का पाहत नव्हता, तेही उमगले.

आतून आत्यांचा आवाज आला, “ती खरं बोलायलीय. मोरूला मी हाताला धरून चालवलाय.”

दादाने टोपी घातली. दारात थांबून म्हणाला, “मग माझे चारशे कधी देतीस?”

मला वाईट वाटले आणि मोकळेही वाटले. मी म्हटले, “देते.”

यानंतर वच्छीला मी कधी खोटेच बाजूला बसवले नाही. पहिल्या महिन्यात बसवले नाही तेव्हा जावेने विचारले, आणि मी तिला सगळे सांगितले, लिंबाचेही. ती आधी चिडली. “दोन वर्षं मला चेटकीण समजत होता व्हय?” मग दुसऱ्या दिवशी वच्छीसाठी ताटभर करंज्या घेऊन आली आणि स्वतः समोर बसून खाऊ घातल्या, मुद्दाम माझ्या देखत. तेव्हापासून संध्याकाळी वच्छीचा हात धरून देवळात नेण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले. कुणी विचारले तर ती मोठ्याने सांगते, “डोळ्याचा पडदा झिजलाय तिचा. रेटिना. तुमच्यात हाय का कुणाला?”

गोळ्या दीड वर्ष आणल्या, पुढे परवडल्या नाहीत. वच्छी आता चोविशीत आहे. समोरचे तेवढे नळकांड्यातून पाहावे तसे दिसते. चालताना काठी लागते. लग्न केले नाही. तिला स्थळे सांगून आली, मी त्यांना दुखणे सांगितले, ती परत गेली. तिला गाणी शेकड्याने पाठ आहेत. आळीतल्या पोरींना ती जात्यावरच्या ओव्या शिकवते. शब्द संथ येतात म्हणून पोरींना उतरून घ्यायला सोपे जाते, असे तीच म्हणते. ती मला एकदा म्हणाली, “आई, बाजूला बसायचे ते चार दिवस मला आवडायचे. कुणी काम सांगत नव्हतं.” आम्ही दोघी खूप हसलो.

वाचणाऱ्या बाई, डॉक्टरवर संशय घ्यायचा असेल तर घ्या, पण त्याच्यापासून लपवू नका. आणि ज्याचे घरात फार कौतुक होते त्याच्याकडेही एकदा नीट पाहा. त्या लेडी डॉक्टरचे नाव मी विचारले नाही, लाजले. तिचे उपकार या वहीत लिहून ठेवते.

आता दादाचे राहिले. यांच्या पगारातून थोडे थोडे आणि माझ्या पाटल्या मोडून, असे करत पाच वर्षे गेली. तोवर आमचा भाग मुंबई राज्यात गेला. शेवटचे सत्तर मी स्वतः घेऊन गेले. माधव बरोबर येतो म्हणाला, त्याला आणले नाही. त्याचे लग्न वसमतकडच्या, नात्याबाहेरच्या मुलीशी झाले होते.

दादाने पैसे मोजले. हालीचे कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये, करून दिले होते, तेही त्याने दोनदा ताडून पाहिले. “फिटले,” म्हणाला.

“लिहून दे,” मी म्हटले.

“सख्ख्या भावावर भरोसा न्हाई?”

“हाय. पण लिहून दे. आणि या पैशापोटी कुणी कुणाला मुलगी देण्याघेण्याचा शब्द दिलेला न्हाई, हेही लिही. उद्या तुझी न् माझी नातवंडं हाईत, त्यांच्यात हा शब्द कुणी काढू नये.”

त्याने कुसुमला हाक मारून दौत मागवली. ती दौत घेऊन आली, दुसरीकडे लग्न ठरलेली, अंगाला हळद लागायची राहिलेली. माझ्याकडे न बघता वाकून तिने नमस्कार केला आणि तिथेच उभी राहिली. दादाने दोन ओळी लिहिल्या. मी त्या दोनदा वाचल्या आणि त्याला खाली सही करायला लावली.